संधिवाताची धग मोजताना

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तराला शत्रू समजते. अस्तर सुजते, जाड होते आणि वेळीच आवरले नाही तर कूर्चा आणि हाड कुरतडू लागते. वैद्य याला आमवात म्हणतात, रुग्ण सरसकट संधिवात. आजार आहे की नाही, हा डॉक्टरांपुढचा एक प्रश्न; तो आज किती भडकलेला आहे, हा अगदी वेगळा दुसरा. औषध वाढवायचे की कमी करायचे ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. सूज डॉक्टरांच्या बोटांना लागते, दुखणे रुग्णाच्या तोंडून कळते आणि दोन्हींचा अंदाज माणसागणिक बदलतो. म्हणून आकड्यात सांगता येईल अशी एखादी खूण रक्तात सापडते का, याचा शोध गेली सव्वाशे वर्षे चालू आहे. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या किनाऱ्यावरच्या रुग्णाच्या फायलीत ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी असे जे कागद असतात, ते या शोधाच्या वेगवेगळ्या काळातले आहेत. फायलीत मात्र ते एकाच वजनाने शेजारी शेजारी लावलेले असतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आजाराचे वर्णन चाचण्यांच्या कितीतरी आधीचे आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ आमवाताला स्वतंत्र प्रकरण देतो आणि त्यातल्या वेदनेची तुलना विंचवाच्या दंशाशी करतो. लाल विंचवाच्या कोकणात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. युरोपात लांद्रे-बोव्हे यांनी १८०० साली पॅरिसमध्ये या आजाराच्या रुग्णांचे वर्णन केले आणि आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये त्याला आजचे नाव दिले. भडका मोजण्याचे साधन मात्र यांपैकी कोणापाशीच नव्हते.

पहिले साधन वॉर्सात सापडले. एडमंड बिएर्नाकी यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले की गोठू न दिलेले रक्त उभ्या नळीत ठेवले तर तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग आजारानुसार बदलतो. या निरीक्षणाची फारशी कोणी दखल घेतली नाही. स्वीडनमध्ये रॉबिन फाहराउस यांना १९१८ मध्ये तीच गोष्ट गरोदर स्त्रियांच्या रक्तात दिसली. गर्भधारणा ओळखायला तिचा उपयोग होईल, अशी त्यांची अटकळ होती. आल्फ व्हेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये क्षयरोग्यांवर काम करताना पद्धत पक्की केली: चार भाग रक्त, एक भाग सोडियम सायट्रेट, २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेली उभी नळी आणि एक तास. तासाभरात वरचा पिवळसर द्रव जितके मिलिमीटर मोकळा होतो, तितका ईएसआर. १९३५ मध्ये विंट्रोब यांची १०० मिलिमीटरची आखूड नळी आली. भारतातल्या प्रयोगशाळांत दोन्ही नळ्या वर्षानुवर्षे चालत राहिल्या आणि अहवालावर पद्धतीचे नाव नसेल तर दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही, ही अडचणही तितकीच जुनी.

यामागचे कारण सोपे आहे. शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेनसारखी प्रथिने जास्त बनवते. तांबड्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे एरवी त्या एकमेकींना दूर ठेवतात. ही प्रथिने तो दुरावा कमी करतात, मग नाण्यांच्या चळतीसारख्या पेशींच्या चळती बनतात आणि त्या एकट्या पेशीपेक्षा लवकर तळ गाठतात. म्हणजे ईएसआर दाह थेट मोजत नाही. दाहामुळे बदललेल्या रक्ताची चाल मोजतो. ही चाल बिघडवणाऱ्या इतर गोष्टी पुष्कळ आहेत. नळी किंचित कलती राहिली तरी आकडा वाढतो. खोली तापलेली असली तरी वाढतो, आणि किनाऱ्यावरच्या एप्रिल-मेमध्ये खोली तापलेलीच असते. वयाबरोबर आणि गरोदरपणात तो वाढतो. सर्वांत मोठा गोंधळ पंडुरोगाचा, म्हणजे रक्तक्षयाचा: पेशी कमी असल्या की त्यांना खाली बसताना अडथळा कमी होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट जास्त होतो. भाताच्या लावणीत वाकणाऱ्या किंवा मासळी साफ करणाऱ्या बाईचा ईएसआर ४५ आला, तर त्यातला किती सांध्यांचा आणि किती रक्तक्षयाचा, हे नळी सांगत नाही.

दुसरी खूण १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडली. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना असे दिसले की न्यूमोनियाच्या रुग्णांचा रक्तद्रव न्यूमोकोकस जंतूपासून काढलेल्या ‘सी’ नावाच्या घटकाशी संयोग पावून साका बनवतो आणि रुग्ण बरा झाला की हा गुण नाहीसा होतो. पुढे हा गुण असलेले प्रथिन वेगळे काढण्यात आले आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे नाव रुळले, तेच सीआरपी. ते न्यूमोनियापुरते नाही, कोणत्याही दाहात वाढते, हे लवकरच कळले; ते वाढवते कोण, हे कळायला मात्र अर्धे शतक गेले. ओसाकात तोशिओ हिरानो आणि तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ चा जनुक वेगळा केला आणि यकृताला सीआरपी बनवायला लावणारा हाच मुख्य निरोप्या असल्याचे स्पष्ट झाले.

सीआरपीचा रक्तातला अर्धआयुष्यकाळ सुमारे १९ तासांचा. दाह ओसरला की तो दोन-चार दिवसांत उतरतो, ईएसआरला आठवडे लागतात. पंडुरोगाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आणखी एक फरक किनाऱ्यावर व्यवहाराचा ठरतो. सायट्रेटमधले रक्त खोलीच्या तापमानाला साधारण चार तासांच्या आत ईएसआरसाठी लावावे लागते, तर सीआरपीचा वेगळा केलेला रक्तद्रव थंड ठेवला तर काही दिवस टिकतो. पावसाळ्यात मांडवा-गेटवेच्या साध्या लाँच बंद असतात, रस्ता पेण-वडखळवरून जातो, आणि श्रीवर्धनहून मुंबईच्या प्रयोगशाळेपर्यंत नमुना पोहोचेस्तोवर ईएसआरची वेळ टळलेली असते. म्हणून ईएसआर जिथे रक्त काढले तिथेच लावायचा आणि सीआरपी पाठवायचा, ही विभागणी शहाणपणाची. गावच्या प्रयोगशाळेत सीआरपी बराच काळ काचपट्टीवर लॅटेक्सच्या गुठळ्या पाहून केला जाई आणि उत्तर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ इतकेच येई. भडका चढतोय की उतरतोय हे पाहायला असले उत्तर जवळजवळ निरुपयोगी.

तिसऱ्या खुणेची कथा ऑस्लोची. एरिक वालर यांना एका संधिवाताच्या रुग्णाच्या रक्तद्रवात, प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या झालेल्या दिसल्या. त्यांनी हे निरीक्षण १९४० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेले आणि महायुद्धाच्या धामधुमीत त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीच गोष्ट स्वतंत्रपणे दिसली, आणि चाचणीला वालर-रोझ हे जोडनाव मिळाले. सिंगर आणि प्लॉट्झ यांनी १९५६ मध्ये मेंढीच्या पेशींऐवजी लॅटेक्सचे कण वापरले, आणि आरए फॅक्टर कोणत्याही छोट्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आला.

भारतात या चाचणीचे जितके कौतुक झाले तितकाच तिने गोंधळही घातला. आरए फॅक्टर हा प्रतिपिंडाविरुद्धचा प्रतिपिंड. दीर्घकाळ चालणारा कोणताही संसर्ग त्याला जन्म देऊ शकतो: क्षय, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, काही प्रकारची कावीळ. निरोगी म्हाताऱ्या माणसांतही तो सापडतो. उलट खऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकात तो नसतो. शिवाय तो आजाराची ओळख पटवायला आणि पुढे सांधे किती बिघडतील याचा अंदाज बांधायला उपयोगी असला, तरी रोजचा भडका मोजायला नाही. सूज उतरते आणि तो तसाच राहतो. तरीही दर भेटीला आरए फॅक्टर पुन्हा काढण्याची रीत इतकी पसरली की ती मोडणे अजून जमलेले नाही. पैसे रुग्णाचे जातात आणि नवीन काहीच कळत नाही.

महाराष्ट्रात हा आजार मुळात किती आहे, याचे भरवशाचे उत्तर १९९६ पर्यंत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम आखला होता. त्याचे तत्त्व असे की महागड्या यंत्रांशिवाय, घरोघर जाऊन, गावातल्याच प्रशिक्षित माणसांकरवी सांधेदुखीची शिरगणती करायची. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी त्यासाठी इंदापूर तालुक्यातले भिगवण निवडले. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचे, रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. तिथे ४,०९२ प्रौढांची पाहणी झाली आणि ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, हाडे, स्नायू किंवा सांध्यांचे काही ना काही दुखणे होते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. पाश्चात्त्य देशांत तेव्हा एक टक्का हा आकडा सर्रास सांगितला जाई.

भिगवणची पद्धत या इतिहासात मोलाची आहे. आधी प्रश्नावली, मग डॉक्टरांची तपासणी आणि रक्त त्यानंतर, तेही गरज असलेल्यांचेच. आधी रक्त काढून आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आलेल्यांची यादी केली असती, तर गावातले क्षयरोगी आणि म्हातारेही त्या यादीत आले असते.

त्याच दशकात नेदरलँड्समध्ये भडका मोजण्याचे वेगळेच साधन घडत होते. निजमेगनला देझिरे व्हान डर हाइडे आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये डास हा निर्देशांक बनवला. १९९५ मध्ये त्याचे २८ सांध्यांचे सुटसुटीत रूप आले, डास-२८. दोन्ही खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस सांधे. किती दुखतात, किती सुजलेत, ईएसआर किती आणि रुग्णाला शंभरपैकी किती त्रास वाटतो, या चार गोष्टी एका सूत्रात घालायच्या. ५.१ च्या वर आकडा गेला तर आजार जोरात, ३.२ आणि ५.१ च्या दरम्यान मध्यम, २.६ च्या खाली शमलेला.

हे सूत्र तपशिलात पाहण्यासारखे आहे. समजा सहा सांधे दुखतात, चार सुजलेत आणि रुग्ण आपला त्रास ५० सांगते. ईएसआर २० असेल तर डास-२८ सुमारे ४.७ येतो, म्हणजे मध्यम. सांधे तेच, त्रास तोच, फक्त ईएसआर ५० धरला तर आकडा ५.४ च्या आसपास जातो आणि रुग्ण ‘आजार जोरात’ या गटात पडते. दोन्हींतला फरक निव्वळ हिमोग्लोबिनने पडलेला असू शकतो. अशा वेळी आमवाताचे औषध वाढवणे चुकीचे; आधी लोहाच्या गोळ्या आणि पोटातल्या जंतांचा विचार हवा. दुसरी उणीव पायांची: २८ सांध्यांत घोटे आणि पायांची बोटे नाहीत. अनवाणी किंवा रबरी चपलेवर दिवसभर चिखलात किंवा ओल्या जेटीवर उभ्या राहणाऱ्या माणसाची तक्रार मुख्यतः तिथेच असू शकते, आणि निर्देशांकात ती दिसत नाही.

उणिवा असूनही आकडे ठेवण्याची शिस्त फळाला आली. ग्लासगोतल्या टायकोरा चाचणीने २००४ मध्ये दाखवले की दर महिन्याला भडका मोजून, ठरवलेले लक्ष्य गाठेपर्यंत औषध बदलत गेलेले रुग्ण नेहमीच्या उपचारांवरच्या रुग्णांपेक्षा कितीतरी चांगले राहतात. औषधे दोन्हीकडे तीच जुनी होती, मेथोट्रेक्सेट वगैरे. बदल फक्त मोजण्याच्या आणि त्यावर हालचाल करण्याच्या सवयीत होता.

चौथी खूण मात्र खरोखर नवी होती. १९६४ मध्ये नीनहाउस आणि मांडेमा यांनी गालाच्या आतल्या पेशींना चिकटणारे प्रतिपिंड संधिवातात शोधले होते, पण ते कशाला चिकटतात हे कोडे होते. ते १९९८ मध्ये निजमेगनलाच उलगडले. शेलेकेन्स, व्हान व्हेनरोय आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले की हे प्रतिपिंड प्रथिनांतल्या आर्जिनिनचे रूपांतर होऊन बनलेल्या सिट्रुलिनला ओळखतात. त्यावर आधारलेली अँटी-सीसीपी चाचणी काही वर्षांतच बाजारात आली. आरए फॅक्टरइतक्याच रुग्णांना ती पकडते, पण चुकीचा आरोप फार कमी करते. डच रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांवरून २००४ मध्ये असेही दिसले की हे प्रतिपिंड सांधे सुजण्याच्या काही वर्षे आधीच रक्तात असू शकतात. स्वीडिश संशोधकांनी ते धूम्रपानाशी जोडले. मात्र तोंडात धरण्याच्या तंबाखूत हा संबंध तिथे आढळला नाही. हा निष्कर्ष स्वीडिश स्नूसचा आहे, कोकणातल्या मशेरीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. अँटी-सीसीपीही भडका मोजत नाही. एकदा करायची आणि फाइलला लावून ठेवायची, अशी ही चाचणी.

या नव्या चाचणीची कसोटी महाराष्ट्रात लवकरच लागली. चिकुनगुन्या राज्याला नवा नव्हता: १९६५ मध्ये नागपूर, १९७३ मध्ये बार्शी इथे त्याच्या साथी येऊन गेल्या होत्या. मग तीस-बत्तीस वर्षे तो जवळजवळ दिसेनासा झाला, आणि २००६ मध्ये देशभर सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने दाखवले की हा जुना आशियाई विषाणू नसून आफ्रिकेकडून आलेला वंश होता. ताप पाच-सात दिवसांत गेला, सांधे मात्र धरून बसले. मनगटे, बोटे, घोटे, दोन्ही बाजूंना सारखे, सकाळी ताठर. बाहेरून पाहता हा हुबेहूब आमवात. तीव्र अवस्थेत सीआरपी वाढे, ईएसआरही वाढे, म्हणजे भडक्याच्या दोन्ही खुणा एकच उत्तर देत आणि ते दोन आजारांना सारखेच लागू पडे. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी बहुतेकांत निगेटिव्ह येत, तोच काय तो फरक. चोप्रा यांच्या गटाने सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात अशा रुग्णांचा दोन वर्षे मागोवा ठेवला. बहुतेकांचे दुखणे हळूहळू ओसरले, थोड्यांचे रेंगाळले. लोकप्रिय झालेल्या क्लोरोक्विनची त्यांनी ७० रुग्णांवर एका वेदनाशामकाशी तुलना केली, तेव्हा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. रेयुनियन बेटावर साथीनंतर खऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे निकष पूर्ण करणारे २१ रुग्ण नोंदले गेले. विषाणूने आजार सुरू केला की आधीच दडलेला आजार उघड केला, हा वाद अजून संपलेला नाही.

खुणेवरच औषध चालू लागले की खूण खोटी पडते, हा धडा पुढच्या दशकाचा. इंटरल्यूकिन-६ ला अडवणारे टोसिलिझुमॅब जपानमध्ये २००८ मध्ये संधिवातासाठी मंजूर झाले. ते दिले की यकृताला निरोपच मिळत नाही आणि सीआरपी जवळजवळ शून्यावर येतो, सांधे सुधारोत की न सुधारोत. अशा रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी शांत राहू शकतो. टीएनएफ या दाहाच्या दुसऱ्या निरोप्याला अडवणाऱ्या औषधांत अडचण उलटी: ती दडलेला क्षय जागा करू शकतात, हे २००१ मध्येच दिसले होते. त्यांपैकी अडालिमुमॅबची पहिली स्वस्त भारतीय प्रतिकृती २०१४ च्या डिसेंबरात झायडस कॅडिलाने आणली आणि ही औषधे मध्यमवर्गाच्या जवळ आली. तेव्हापासून वाढलेल्या सीआरपीपुढे भडका की क्षय, हा प्रश्न जिल्ह्याच्या डॉक्टरांनाही रोजचा झाला.

कोविडच्या २०२० सालात सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ ही नावे घराघरात पोहोचली. संधिवाताच्या रुग्णांना त्याची झळ आधीच लागली होती. मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालते अशी हवा झाली, दुकानांतला साठा आटला आणि २६ मार्चला सरकारने त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले. वर्षानुवर्षे ती गोळी घेणारे रुग्ण चिठ्ठी घेऊन हिंडत राहिले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुरूड-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावांची वीज अनेक दिवस आली नाही. २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागणारी इंजेक्शने अशा वेळी फ्रीजमध्ये असून नसल्यासारखी. ईएसआरच्या नळीला मात्र वीज लागत नाही.

नव्या खुणांचा शोध थांबलेला नाही. अमेरिकेत बारा प्रथिने एकत्र मोजून १ ते १०० असा एकच आकडा देणारी चाचणी विकली जाते. तिच्यात सीआरपीचाच भार मोठा आहे. जपानी डॉक्टर एमएमपी-३ नियमित मोजतात, तर युरोपात सांध्यात ठाण मांडणाऱ्या पांढऱ्या पेशींमधून सुटणाऱ्या कॅलप्रोटेक्टिनवर काम चालू आहे. ते सीआरपीपेक्षा सांध्याच्या जवळचे साक्षीदार असावे, अशी अपेक्षा. तालुक्याच्या ठिकाणी यांपैकी काही मिळत नाही, आणि त्यावाचून फारसे अडतही नाही. व्हिएन्नातल्या अलेताहा आणि स्मोलेन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सीडीएआय या निर्देशांकात रक्ताची एकही चाचणी नाही: दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाचा दहापैकी अंदाज आणि डॉक्टरांचा दहापैकी अंदाज, यांची साधी बेरीज. २.८ पर्यंत आजार शमलेला, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम, त्यावर जोरात. आजार शमल्याची २०११ ची आंतरराष्ट्रीय व्याख्या दुखरे सांधे, सुजलेले सांधे, डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजलेला सीआरपी आणि रुग्णाचा स्वतःचा अंदाज हे चारही एक किंवा त्याहून कमी असावेत असे सांगते. २०२२ मध्ये रुग्णाच्या अंदाजाची मर्यादा दोनपर्यंत सैल करण्यात आली. दवाखान्यात सीआरपी हाताशी नसेल तर उरलेल्या तिघांवर काम भागवण्याची मुभा त्याच व्याख्येत पहिल्यापासून आहे.